अठ्ठ्याऐंशी मतांची फेरीबोट

नियम समितीचे अध्यक्ष लाइल डॉम्बेक कुणालाही नाही म्हणत नसत. अठरा वर्षं ते त्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या तोंडून नकार ऐकल्याचं राज्याच्या विधानसभेत एकालाही आठवत नव्हतं. विधेयक कुठलंही असो, त्यावर कोण बोलणार, किती मिनिटं बोलणार, कुठल्या दुरुस्त्या मांडायच्या आणि कुठल्या क्रमाने, हे सगळं ही समिती ठरवायची. समितीत तेरा माणसं. नऊ डॉम्बेकांची, चार समोरच्या पक्षाची, आणि मतदान कशावरही घ्या, निकाल नऊ विरुद्ध चार. त्या चौघांनी सुरुवातीला आरडाओरडा केला असेलही. हल्ली ते बैठकीत शब्दकोडी सोडवायचे.

आर्डिस क्वाले त्यांच्यासमोर साक्षीला बसली तो मंगळवार होता. चोपन्न वर्षांची बाई, त्यातली सत्तावीस वर्षं क्रो बेटावरच्या पोस्टात गेलेली. आमदार होऊन तिला उणेपुरे चार महिने झाले होते. रस्ते आणि पुलांचं मोठं विधेयक येणार होतं आणि त्याच्या दुसऱ्या खंडात, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, बेटाची फेरीबोट बंद करायचं कलम घातलेलं होतं.

"या, या आर्डिस!" डॉम्बेक म्हणाले. "क्रो बेट! अहो, लहानपणी मी तिथे मासे धरलेत." लहानपणी त्यांनी राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात मासे धरले होते.

आर्डिसने पाठ केलेलं सगळं सांगितलं. बेटावर तीनशे चाळीस माणसं. शाळा पलीकडच्या काठावर, दवाखाना पलीकडच्या काठावर. बोटीने दहा मिनिटं, आणि बोट गेली तर उत्तरेच्या पुलावरून सेहेचाळीस मैलांचा वळसा. तिची दुरुस्ती एका ओळीची होती: फेरीबोट बारा महिने चालू राहील.

डॉम्बेकांनी डोळे पुसले. खरोखर रुमाल काढून पुसले. "ही दुरुस्ती यादीत असणार," ते म्हणाले. "आणि पहिल्या नंबरावर असणार. हा माझा शब्द."

बेटावरून निघताना सगळ्यांनी आर्डिसला बजावलं होतं की ते लोक तुला दारात उभं करणार नाहीत, आणि इथे तर पायघड्या. तिने घरी फोन करून फेरीबोटीचा चालक क्लेम रासमस याला सांगितलं, की शुक्रवारी मतदान आहे, येतील तेवढ्यांना घेऊन ये.

गुरुवारी समितीचा छापील अहवाल हातात पडला. समितीची चिटणीस बर्नाडीन ओट खिडकीशी बसून तो वाटत होती. या बाईने तीन अध्यक्ष पाहिले होते आणि तिघांवरही तिचा सारखाच अविश्वास होता. आर्डिसने पहिल्याच पानावर आपलं नाव बघितलं आणि तिचे दोन-चारदा आभार मानले.

"आभार कसले?" बर्नाडीन म्हणाली. "हा सोमवारीच छापून आलाय."

"पण माझी साक्ष तर मंगळवारी झाली."

"साक्ष मंगळवारीच असते. अहवाल सोमवारी असतो. पान दोन वाचलंत?"

"पहिल्या पानावर नाव आहे ना माझं."

"बाई, पहिल्या पानावर सगळ्यांचीच नावं असतात."

आर्डिसने पान उलटलं. दुसऱ्या खंडावर तीन दुरुस्त्या होत्या. पहिली तिची. दुसरी म्हाताऱ्या एल्मर हॉगडालची: बोट फक्त उन्हाळ्यात चालवावी. तिसरी खुद्द डॉम्बेकांची: बोट बंद करावी आणि तिच्या गरजेचा अभ्यास करायला एक मंडळ नेमावं. आणि खाली बारीक अक्षरात अशी ओळ, की एकाहून जास्त दुरुस्त्या मंजूर झाल्या तर शेवटी मंजूर झालेली तेवढी धरावी आणि आधीच्या कधी मंजूर झाल्याच नाहीत असं मानावं.

तिने ती ओळ तीनदा वाचली. "म्हणजे माझी मंजूर झाली तरी..."

"होणारच मंजूर. दणक्यात होणार," बर्नाडीन म्हणाली. "सगळे बटण दाबतील, तुमचे लोक गॅलरीत रडतील, फोटो निघतील. मग साहेबांची मंजूर होईल, की तुमची पुसली. प्रत्येकाला आपापल्या गावात सांगता येतं, मी बोटीच्या बाजूने मत दिलं. आणि बोटीचे पैसे ज्याला जाणार त्या पुलाच्या कंत्राटदाराला सांगता येतं, बोट बुडाली. दोन्ही खरं. यालाच इथे उदार नियम म्हणतात."

आर्डिसचे कान तापले. सत्तावीस वर्षांत पोस्टाच्या खिडकीवर तिने दारुडे पाहिले होते, भांडखोर पाहिले होते, पण रुमालाने डोळे पुसून खिसा कापणारा माणूस तिने पाहिला नव्हता. त्या रुमालाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"यावर इलाज काय?"

"मी इथली नोकर आहे. मी सल्ला देत नसते," बर्नाडीन म्हणाली. "वाचून मात्र दाखवते, कुणाला चष्म्याची अडचण असेल तर." आणि तिने शेवटचा परिच्छेद सावकाश वाचून दाखवला. दुरुस्ती ज्याच्या नावावर आहे त्यानेच मांडायची. पुकारा होईल त्या क्षणी तो सभागृहात नसेल तर ती मागे घेतली असं समजायचं. या नियमाला अपवाद करावा अशी विनंती कुणाकडूनही ऐकून घेतली जाणार नाही. तिन्ही दुरुस्त्यांचा निकाल लागताच, मध्ये दुसरा कुठलाही प्रस्ताव न घेता, विधेयकावर अंतिम मतदान होईल. हा परिच्छेद डॉम्बेकांनी कित्येक वर्षांपूर्वी स्वतः बसून लिहिला होता. समोरच्या पक्षाने ऐनवेळी काही खोडा घालू नये म्हणून त्यांनी प्रत्येक फट बुजवली होती, आणि तो त्यांना इतका आवडायचा की प्रत्येक विधेयकाच्या नियमात तो जसाच्या तसा यायचा.

"आता दिसलं नीट?" बर्नाडीनने विचारलं.

"दिसलं," आर्डिस म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने एल्मर हॉगडालला कँटीनमध्ये गाठलं. एकतीस वर्षांचा आमदार, दिलेल्या वेळेतला एक सेकंदही न सोडणारा. त्याला वीस मिनिटं मिळाली होती.

"एल्मर, एक मागणं आहे. तुमची दुरुस्ती आज मांडू नका."

एल्मरने कॉफीचा कप खाली ठेवला. "न बोलण्याबद्दल मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. पण इतक्या सभ्य शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. का, पण?"

"तुम्हाला हवी आहे का ती दुरुस्ती?"

"मला? छे! लाइलने दिली. तो नेहमी देतो. त्याला कुठेतरी वीस मिनिटं लागतात, मग तो मला मध्ये घालतो, सँडविचात घालतात तसा." त्याने कप पुन्हा उचलला. "एकतीस वर्षं मला वाटायचं, मी बरा बोलतो म्हणून देतो. परवा बायको म्हणाली, तुला ते फटीत कोंबायच्या पुठ्ठ्यासारखं वापरतात. जेवलो नाही मी त्या दिवशी."

"मग?"

"मग काय? आज शुक्रवार. चौकातल्या क्लबात तळलेला मासा बारापासून सुरू होतो, आणि लवकर गेलं तर कोबीची कोशिंबीर ताजी मिळते. नाही मांडत, जा."

साडेदहाला गॅलरी भरली. क्लेमने बावीस माणसं आणली होती, सगळी रविवारी चर्चला जायच्या कपड्यांत, आणि रुबार्बच्या आंबटगोड देठांचं सारण भरून घरी भाजलेल्या चार पाई. आर्डिस वर जाऊन त्यांना भेटली. "मतदान झालं की अध्यक्ष डॉम्बेक बाहेरच्या व्हरांड्यात टीव्हीवाल्यांसमोर येतील," तिने सांगितलं. "त्यांना भेटा. मनापासून बोला, घाई करू नका." यापलीकडे तिने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण क्लेमने आजवर कुणाचेही आभार अर्ध्या तासाच्या आत मानले नव्हते. आपण आपल्याच माणसांना हत्यारासारखं वापरतोय हे तिला कळत होतं आणि ते तिला आवडलेलं नव्हतं.

बोलायला तिला दहा मिनिटं होती, तिने चार घेतली. बटणं दाबली गेली. फळ्यावर हिरवे दिवे लागले: एकशे दहापैकी अठ्ठ्याऐंशी. गॅलरीत टाळ्या, हुंदके, कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली. डॉम्बेकांनी उभं राहून, सगळ्यांना दिसेल असा, आर्डिसशी हात मिळवला आणि कोटाचं बटण लावत ते बाहेर निघाले. एल्मरची वीस मिनिटं हाताशी होती. इतक्या वेळात दोन वाहिन्यांच्या मुलाखती सहज होतात.

दाराच्या काचेतून आर्डिसला व्हरांडा दिसत होता. बावीस माणसांनी डॉम्बेकांना वेढलं होतं. क्लेमने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या बर्फवादळापासून सुरुवात करत होता. कॅमेरे चालू होते आणि डॉम्बेकांनी हातात पाईचा तुकडा घेतला होता.

"दुसरी दुरुस्ती. श्री. हॉगडाल," पीठासीन अधिकारी म्हणाले आणि वीस मिनिटांच्या तयारीने खुर्चीत सैलावले.

"अध्यक्ष महाराज, मी मांडत नाही," एल्मर म्हणाला आणि टोपी उचलून चालू लागला.

सभागृहात पहिल्यांदाच कुणाला जाग आल्यासारखं झालं. "तिसरी दुरुस्ती. श्री. डॉम्बेक." खुर्ची रिकामी. "श्री. डॉम्बेक?" डॉम्बेकांच्या नऊपैकी दोघं दाराकडे धावले. पीठासीन अधिकारी समोरचा कागद वाचू लागले. ते बिचारे नियमाचे माणूस होते, आणि असा पक्का नियम त्यांना अठरा वर्षांत दुसऱ्या कुणी लिहून दिला नव्हता. "सदस्य अनुपस्थित. दुरुस्ती मागे घेतली असं समजण्यात येत आहे."

डॉम्बेक आले तेव्हा त्यांच्या ओठाला पाईतला रुबार्ब लागलेला होता. "अध्यक्ष महाराज, माझी एक विनंती..."

"सन्माननीय सदस्यांनी स्वतःच लिहिलंय की विनंती ऐकून घेऊ नये," पीठासीन अधिकारी म्हणाले. "अंतिम मतदान."

विधेयक पाडणं कुणाला परवडणारं नव्हतं. प्रत्येकाच्या गावचा एकेक रस्ता त्यात होता. ते पास झालं, बोटीसकट.

आणि मग जी बोंब उठली ती ऐकण्यासारखी होती. गेट्सबर्ग नाक्याचा आमदार रोनाल्ड फिंक लालबुंद होऊन आर्डिसच्या टेबलाशी आला. "फसवलंत तुम्ही आम्हाला!"

"मी? मी तुमच्याकडे मत मागितलं, तुम्ही दिलं."

"दिलं ते पुसलं जाणार म्हणून दिलं! खरंच लागू होणार आहे हे माहीत असतं तर मी दिलं असतं का? असं होऊ लागलं तर माणसाने मत द्यायचं कसं?" तो कळवळून बोलत होता. मागे आणखी पाच-सहा जण माना हलवत होते. त्यांना खरोखर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं.

आर्डिसला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. अठ्ठ्याऐंशी मतांनी बोट वाचली नव्हती. एक माणूस सहा मिनिटं बाहेर होता म्हणून वाचली होती. पुढच्या वर्षी ते कलम परत येणार होतं, आणि तेव्हा तो बाहेर जाणार नव्हता. सोमवारी समितीची तातडीची बैठक लागल्याचं बर्नाडीनने जाताजाता सांगितलं. "सदस्य किंवा त्याने नेमलेली व्यक्ती, अशी सुधारणा आहे," ती म्हणाली. "अहवाल छापायला गेलाय."

पायऱ्यांवर क्लेम वाट बघत होता. त्याचे डोळे अजून ओले होते.

"आर्डिस, अठ्ठ्याऐंशी जण गं! आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत, आणि अठ्ठ्याऐंशी जणांनी आपला विचार केला. बायका म्हणतायत, प्रत्येकाला आभाराचं पत्र लिहू. हाताने. मुलंही लिहितील. बरं दिसेल का ते?"

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"लिहा," ती म्हणाली. "एकालाही सोडू नका. आणि प्रत्येक पत्राची एक प्रत त्याच्या त्याच्या गावच्या वर्तमानपत्राला पाठवा. म्हणावं, ठळक छापा. तुमच्या आमदाराने बोट वाचवली, आणि पुढच्या वर्षीही तो वाचवणार याची आम्हाला खात्री आहे."

"पुढच्या वर्षीचं कशाला घालायचं?"

"घाल रे. घे लिहून, पहिलं नाव," आर्डिस म्हणाली. "फिंक. रोनाल्ड फिंक."