पंचविसाव्या वर्षीचे आभार

मच्छिंद्र गुरुजींनी चोवीस वर्षं आभार मानले होते आणि चोवीस वर्षं ते कुणीही ऐकले नव्हते. शिरूरच्या व्याख्यानमालेत 'आता आभारप्रदर्शन' एवढं म्हणायचा अवकाश, की लोक चपला शोधायला लागत. गुरुजी 'सर्वप्रथम' म्हणेपर्यंत निम्मा मांडव रिकामा व्हायचा. 'सरतेशेवटी' येईपर्यंत मांडववाला माइकची वायर गुंडाळत त्यांच्या पायाशी आलेला असायचा.

आणि सरतेशेवटी नाव यायचं सारजाबाईचं. ती शाळेतली शिपाईबाई. व्याख्यानमाला बापूसाहेब वकिलांनी काढली, असं दर पत्रिकेवर छापलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण दुसऱ्याच वर्षी पुण्याहून आलेल्या वक्त्यासमोर सात माणसं बसली होती, त्यातली चार समितीची. "बंद करू उद्यापासून, या गावाची लायकीच नाही," बापूसाहेब म्हणाले. ते ऐकून सारजाबाई तडक भाजीबाजारात गेली. "मानूस लांबून आलाय, दोन घटका बसून तरी जावा," असं म्हणत पाटीवाल्या बायांसकट पन्नासएक माणसं तिनं आणून बसवली. माला टिकली.

त्यानंतर सतरंज्या, माठ, झाडलोट सगळं तिच्याच गळ्यात. गुरुजी दर साली हे आभारात सांगायचे आणि दर साली नेमकी तेव्हाच वायर निघायची. मांडवाच्या टोकाला उभी असलेली सारजाबाई म्हणायची, "यंदा बी न्हाई आलं ऐकू, गुरुजी," आणि सतरंजी झटकायला लागायची. तिचं नाव वर घ्यावं, तर यादी बापूसाहेब तपासायचे. आधी मंत्री, मग देणगीदार, मग फौजदार. गुरुजींना त्या यादीचा नुसता वीट आला होता.

दोन हजार एक साली मालेचा रौप्यमहोत्सव आला. सारजाबाई त्यानंतर कायमची लेकीकडं केंदूरला निघाली होती. "जायच्या आधी एकदा माइकात माझं नाव ऐकू द्या," एवढंच तिनं गुरुजींकडं मागितलं.

उद्घाटन रविवारी सकाळी दहाचं. साडेअकरा झाले तरी मंत्रीसाहेबांचा पत्ता नाही. दर अर्ध्या तासाला फोन यायचा, "साहेबांनी केडगाव सोडलं." एक केडगाव माणसानं सोडावं तरी किती वेळा! वर एप्रिलचं ऊन, खाली पाचशे माणसं. शेवटी बापूसाहेब घाम पुसत म्हणाले, "मच्छिंद्रराव, काहीतरी बोला हो. लोक उठायला लागतील."

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मंत्री बघितल्याशिवाय आणि जेवल्याशिवाय आज कुणी हलणार नव्हतं. ते माइकपाशी गेले. "पाहुणे येईपर्यंत आधी आभार मानून घेतो."

बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला. गुरुजींनी यादी तळापासून धरली आणि भाजीबाजाराची सगळी गोष्ट सांगितली. मांडव गप्प होऊन ऐकत होता. "व्हय, मी बी आलते तवा!" बायांतून एक म्हातारी ओरडली. मग ज्या टाळ्या पडल्या, तसल्या चोवीस वर्षांत कुठल्या वक्त्याला पडल्या नव्हत्या. गुरुजींनी मांडवाच्या टोकाकडं पाहिलं, तर सारजाबाई जागेवर नाही! माठ रिकामे झाले म्हणून बाई हापशावर गेलेली.

टाळ्या चालू असतानाच ती कमरेवर कळशी घेऊन आत आली. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर दचकली आणि मागं वळून बघायला लागली. "सायेब आलं जनू," म्हणत ती चटकन बाजूला सरली, कळशी खाली ठेवली आणि स्वतःही टाळ्या वाजवायला लागली.

"अहो, तुम्हीच! तुमच्यासाठी..." गुरुजी माइकात ओरडले आणि नेमकी तेव्हाच बाहेर फटाक्यांची माळ लागली. साहेबांनी या खेपेला केडगाव खरंच सोडलं होतं.

साहेब सव्वा तास बोलले. "आभार झालेलेच आहेत," असं म्हणून बापूसाहेबांनी कार्यक्रम आटोपला आणि लोक जेवणावर तुटून पडले. रिकाम्या मांडवात सारजाबाई गुरुजींपाशी आली.

"यंदा आभारच न्हाईत व्हय, गुरुजी? मी पार शेवटापतुर उभी व्हते."

गुरुजींचा ताबाच सुटला. मंत्र्याचा, फटाक्यांचा, हापशाचा सगळा राग तिच्यावर निघाला. "तुम्हाला पाण्याला जायला सांगितलं होतं कुणी? एक दिवस पाणी नसतं तर लोक मेले असते का?"

"मेलं नसतं," ती म्हणाली, "पर उठून गेलं असतं की."

गुरुजींनी तिचा हात धरून तिला पहिल्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीत बसवलं.

"आता माइक कुठाय, गुरुजी?"

"गप बसून ऐका," म्हणत ते व्यासपीठावर चढले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. तिचं नाव आलं तेव्हा या खेपेला तिनं मागं वळून पाहिलं नाही.