केरबा मेस्त्रीचे चोपणे

मित्रांनो, मी एक जुने चोपणे आहे. चोपणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. एक आखूड दांडा आणि त्याच्या पुढे जाड, पसरट फळी, एवढेच माझे रूप. सारवण्याआधी घराची जमीन ठोकून घट्ट करायला माझे भाऊबंद वापरतात. मी मात्र जमिनीला फार उशिरा लागले. माझ्या उमेदीची सारी वर्षे कोळशाच्या भट्टीवर गेली. दिसायला मी ओबडधोबड आहे, एका कडेला जळलेलेही आहे, तरी मला हसू नका. माझी हकिकत ऐकली तर हसू येणारही नाही.

माझा जन्म जावळीच्या डोंगरात, मेढ्याच्या वरच्या अंगाला झाला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. पेट्रोल सारे लढाईकडे जाऊ लागले आणि सातारा-सांगलीच्या मोटारी जागच्या जागी बसल्या. मग कुणीतरी शक्कल काढून त्यांच्या पाठीला लोखंडी टाक्या बसवल्या. टाकीत लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर मोटार चालवायची. मोटार धापा टाकत चाले, चढ आला की उतारूंना उतरून ढकलावे लागे, पण चाले. तिला रोज कोळसा हवा आणि कोळशाला लाकूड हवे. म्हणून आमच्या डोंगरावर कुऱ्हाडी आल्या.

मी अंजनीच्या झाडाची फांदी. माझ्याच झाडाच्या बाकीच्या फांद्यांबरोबर भट्टीत रचले जायची माझी पाळी होती. पण भट्टीचा मुख्य कारागीर केरबा मेस्त्री याने मला हातात घेऊन उलटसुलट फिरवले आणि आपल्या धाकट्या भावाला म्हणाला, "नाथाजी, हिला जाळायची न्हाई रं. लय चिवट हाय. हिचं चोपणं करू."

असे मी वाचले. माझे सगळे गणगोत त्या आठवड्यात कोळसा झाले आणि त्यांच्यावरची माती ठोकून बसवायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मला फार वाईट वाटले होते. पुढे सवय झाली, ही गोष्ट मला अजून आवडत नाही.

केरबा मूळचा तासगावाकडचा. तरुणपणी कानडी मुलखातल्या जंगलात तो हे काम शिकला होता. त्याच्या पाठोपाठ कुठून कुठून माणसे आली आणि उघड्या माळावर वस्ती उभी राहिली. भट्टीचा माळ, असे तिचे नाव पडले. आधी झोपड्या, मग किराण्याचे दुकान, मग चहा, मग एका छपरात शाळा. शाळेतल्या मुलांचे सदरे सकाळी पांढरे असत आणि दुपारी कुणाचे कोणते ते आईलाही ओळखू येत नसे. भाकरीला धुराचा वास, पाण्याला धुराचा वास, नव्या बाळाच्या टाळूलाही तोच वास. पोलीस दोनदा वर आले, एवढा धूर कशाचा म्हणून चौकशी केली आणि चहा पिऊन खाली गेले.

भट्टी म्हणजे लाकडांची मोठी रास. तिच्यावर पाला अंथरायचा, पाल्यावर ओली माती थापायची आणि ती माझ्यासारख्या चोपण्याने ठोकून घट्ट बसवायची. आत विस्तव घालायचा, पण वारा शिरू द्यायचा नाही. लाकूड जळता कामा नये, आतल्या आत शिजले पाहिजे. मातीला चीर पडली की वारा आत जातो आणि सगळ्याची राख होते. म्हणून मेस्त्री भट्टीवर चढतो आणि चिरा ठोकून बुजवतो.

पण चढायचे केव्हा, हे धूर सांगतो. धूर पांढरा आणि दाट असला की लाकडातले पाणी निघते आहे, रास भरीव आहे, खुशाल चढावे. धूर निळा आणि विरळ झाला की लाकडाचा कोळसा झाला, रास आत बसली आणि मातीखाली पोकळी राहिली. मग कुणी वर पाऊल टाकायचे नाही. माळावरच्या पोराटोरांनाही हे माहीत होते.

आणि माहीत असूनही बोलायचे नाही, अशी तिथली रीत होती. भट्टी पेटली की धुराचा रंग मेस्त्रीने ओळखायचा, दुसऱ्याने तो तोंडाने उच्चारायचा नाही. उच्चारला तर भट्टीला दृष्ट लागते आणि मेस्त्रीचा अपमान होतो तो वेगळाच. ही रीत कुणी घातली, कुणास ठाऊक. मला ती कधीच पटली नाही, पण चोपण्याचे मत विचारतो कोण?

केरबाचा फार नावलौकिक होता. सांगलीचे व्यापारी भूपालअण्णा स्वतः वर येत, त्याच्या भट्टीतले दोन कोळसे एकमेकांवर हळूच आपटत आणि म्हणत, "केरबा, तुजा कोळसा भांड्यागत वाजतोय बघ." त्या दिवशी केरबा मला निथळ पाण्याने धुवायचा. खोटे कशाला सांगू, तेव्हा मलाही आपण कुणीतरी आहोत असे वाटायचे.

मग केरबाचे डोळे जाऊ लागले. वर्षानुवर्षे धूर खाल्लेले डोळे ते, त्यांच्यावर आधी चिपडे आली, मग सारे धूसर झाले. हे सर्वांत आधी मला कळले. पूर्वी तो खुंटीवरून मला सरळ उचलायचा, आता त्याचा हात भिंत चाचपत यायचा. नंतर अनसूयेला कळले. अनसूया त्याची बायको. ती काही बोलली नाही. धूर निळा झाला की भट्टीपाशी येऊन ती हाक मारू लागली, "आवं, खाली या, भाकरी निवतीया." केरबा लगेच उतरायचा. रंगाचे नाव निघायचे नाही, रीत मोडायची नाही आणि मेस्त्रीची अब्रूही राहायची.

माळावर त्याची थट्टा व्हायची. मोटार हाकणारा लालासाहेब म्हणायचा, "मेस्त्री, वैनींची हाक आली की पेटलेली भट्टी सोडून पळतायसा. लय भ्या दिसतंय." केरबा हसायचा. अनसूया पदराने तोंड झाकून घ्यायची आणि लोकांना वाटायचे, ती लाजली.

असे दिवस चालले होते. डोंगर मात्र उघडा पडत गेला. जवळची अंजनी, हिरडा, जांभूळ संपले. मग लांबून मिळेल ते लाकूड येऊ लागले, वाळलेले आणि ओले एकत्रच. अशातच एक मोठी भट्टी लावली, तेव्हा ओली लाकडे खाली रचली आणि वाळकी वर. दुसरा इलाज नव्हता.

भट्टी पेटली आणि त्याच दिवशी लालासाहेबाने तासगावाहून निरोप आणला, अनसूयेची आई अंथरुणाला खिळली आहे, लेकीला बोलावते आहे. पेटलेली भट्टी मेस्त्रीने सोडायची नसते, म्हणून केरबा जाऊ शकत नव्हता. हिरवे नेसते, असे त्याला सांगून अनसूयेने हिरवे लुगडे नेसले, गाठोडे बांधले आणि दारात अडखळली.

"मी नाथाजी भावजींच्या कानावर घालून जाते," ती म्हणाली. "त्ये तरी ध्यान देतील."

"काय घालणार कानावर?" केरबा म्हणाला. "आंधळ्या मेस्त्रीच्या हाताखाली कोण राबंल? उद्या सगळ्या माळाला कळंल. मला वास येतोय की धुराचा. पांढरा आंबूस येतोय, निळा नाकात झोंबतोय. तू जा. आन् कुणाला सांगायचं न्हाई, माझ्या गळ्याची आण हाय."

ती गेली. मागे वळून वळून बघत गेली, आणि ते त्याला दिसले नाही.

तीन-चार दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी भट्टीच्या माथ्याला चीर पडली. आतला सुसकारा मला ऐकू आला तसा केरबालाही आला. तो खाली उभा राहून नाक वर करून वास घेत राहिला. वास आंबूस होता. खालची ओली लाकडे अजून पाणी सोडत होती ना. पण वर, माथ्याशी, वाळक्या लाकडांचा केव्हाच कोळसा झाला होता आणि तिथून निघणारा धूर निळा होता. आजवर त्याला नाकाने फसवले नव्हते, कारण आजवर भट्टीत एकाच जातीचे, एकसारखे वाळलेले लाकूड असायचे.

नाथाजी थोड्या अंतरावर पाला ओढत होता. त्याने भाऊ चढताना पाहिला आणि निळा धूरही पाहिला. त्याचे तोंड उघडले होते, हे मी पाहिले आहे. मग ते मिटले. दादाला आपल्यापेक्षा जास्त कळते, असे त्याला वाटले. शिवाय धुराचा रंग बोलायचा नसतो.

केरबाने माथ्यावर पाऊल ठेवले आणि माती खचली.

त्यापुढचे मी तुम्हाला फारसे सांगणार नाही. नाथाजीने उडी घेऊन त्याला ओढून काढले. मी निखाऱ्याच्या कडेला पडले होते, माझी ही बाजू तेव्हा जळाली. मेढ्याहून डॉक्टर आले, त्यांनी मलम लावले, पट्ट्या बांधल्या. साताऱ्याला न्यावे का म्हणून विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली. एवढ्या खडबडीत रस्त्याने तो पोचायचा नाही, म्हणाले.

निरोप मिळाला तशी अनसूया लालासाहेबाच्या मोटारीतून परत आली. तिची आई सावरली होती. लेकीला निघताना तिने नवे तांबडे लुगडे नेसवले होते. तेच नेसून, रस्ताभर रडून सुजलेल्या डोळ्यांनी, अनसूया केरबाच्या उशाशी येऊन बसली. नाथाजी पायथ्याशी होता. मला कुणीतरी खुंटीला अडकवले होते.

नाथाजी म्हणाला, "वैनी, मला धूर निळा दिसत हुता. मी बोललो न्हाई. दादाला ठावं असंल म्हणलं."

अनसूयेचे ओठ हलले. शपथ घातलेली गोष्ट आता तिच्या तोंडातून निघणार, असे मला वाटले. तिला सांगायचे होते की चूक तुमची नाही भावजी, माझी आहे, मी तुम्हाला सांगून जायला हवे होते. तिने काही म्हणण्याआधी केरबाच बोलला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाथा, मला बी दिसत हुता की. निळाच हुता. चीर बुजवून पटदिशी उतरू म्हणलं, घाई नडली. तुजी चूक न्हाई. हिची बी न्हाई. माझं डोळं चांगलं हायती." त्याने मान अनसूयेकडे वळवली. "आता हे बघ की, हिरवं लुगडं कसं खुलून दिसतंय हिला."

नाथाजीने त्या तांबड्या लुगड्याकडे पाहिले, मग भावाच्या डोळ्यांकडे, मग वहिनीकडे. सगळे त्याला एका क्षणात समजले. हाका, भाकरी, थट्टा, सारे.

"व्हय," अनसूया म्हणाली. "हिरवंच हाय."

केरबाचा चेहरा निवांत झाला. आपण दोघांनाही सोडवले, असे समजून तो गेला. मला वाईट वाटते, मित्रांनो, आजही वाटते. मला रडता येत नाही, लाकूड फक्त तडकते.

पुढची भट्टी नाथाजीने लावली. धूर निळा झाला तेव्हा त्याने स्वतः ओरडून सांगितले आणि पाला ओढणाऱ्या बायकांनाही ओरडायला लावले. जुनी माणसे कुरकुरली. दृष्ट काही लागली नाही. मात्र भट्ट्याच फार दिवस राहिल्या नाहीत. लढाई संपली, हळूहळू पेट्रोल आले, मोटारींनी पाठीवरच्या टाक्या उतरवून टाकल्या. दुकान गेले, शाळा गेली, माणसे पोटामागे पांगली. आता त्या माळावर काळी माती आणि तुटलेले बुंधे एवढेच आहे. डोंगरावर कुणी पुन्हा झाडे लावली नाहीत.

अनसूया मला तासगावाकडे भावाच्या घरी घेऊन आली. इथे मी जमीन ठोकते. ती आता म्हातारी झाली आहे, पण ते तांबडे लुगडे तिने पुन्हा कधी नेसले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. माझे काय, एक दिवस चुलीत जाईन, माझ्या भावंडांच्या मागोमाग. पण तुमच्या घरात कुणाला दिसेनासे झाले असेल, ऐकू येईनासे झाले असेल आणि तो ते झाकत असेल, तर त्याचे मन राखण्यासाठी तुम्हीही झाकू नका. त्याचा हात धरा, त्याला वाईट वाटले तरी चालेल, आणि जे आहे ते बोला. अनसूया त्या दिवशी तांबड्याला हिरवे म्हणाली, ते तिने योग्यच केले. कारण तोवर खरे सांगायची वेळ निघून गेली होती.