गाडीच्या पोटाखालचे पत्रे

दादा गेला तेव्हा बाबांच्या गॅरेजमध्ये, मागच्या भिंतीशी, ॲल्युमिनियमचे पाच पत्रे कापून, कडा घासून तयार उभे होते. आणखी दोन नुसते पेन्सिलीने आखलेले. शेजारी डब्यात छत्तीस स्क्रू, त्यातले तीन वाकलेले.

गाडी त्याचीच, जुनी. वरून ती कितीही गुळगुळीत दिसली तरी खाली सायलेन्सर, टाकी, नळ्या असं सगळं उघडं असतं. हवा तिथे अडखळते आणि गाडीला मागे ओढते. सपाट पत्रे बसवून पोट झाकलं तर ही ओढ कमी होईल, असं दादाचं म्हणणं. हिशेब मीच तपासून दिला होता. बाबांनी मात्र गिऱ्हाइकांसमोर त्याची खेचली. आमचे चिरंजीव गाडीला लंगोट बांधताहेत, म्हणाले. सगळे हसले, दादाही हसला. पण नंतर त्याने पत्र्यांना हात लावला नाही, आणि पुढच्याच महिन्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला.

उरलेले दोन पत्रे बाबांनी स्वतः कापले. फरक पडतो की नाही एवढं मोजून दे, म्हणाले. पडायला हवा, असं मी सांगून पाहिलं. त्यांना तोंडी नको होतं.

आधी पत्र्यांशिवाय मोजलं. गावाबाहेर एक सपाट रस्ता होता, फारशी वर्दळ नसलेला. वेग ऐंशीच्या वर न्यायचा, गाडी न्यूट्रलला टाकायची, आणि आपसूक ऐंशीवरून साठवर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. ओढ जितकी कमी, तितका वेळ जास्त. वाऱ्याचा फायदा-तोटा फिटावा म्हणून पाच फेऱ्या जाताना, पाच येताना. बाबा गाडी चालवत, वहिनी शेजारी बसून वेळ घेई, मी मागे बसून लिहून घेई. सरासरी आली २०.४ सेकंद.

मग पत्रे बसवून पुन्हा गेलो. पहिल्याच फेरीला २२.३. वहिनीने घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. दुसऱ्या फेरीला २२.१. बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे.

हे फार होतं. पत्र्यांनी एवढं होत नाही. मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि हवा मोजायचं मीटर घेऊन उतरले. मागच्या वेळी चारही टायरमध्ये तीस हवा होती. आता बेचाळीस. टायर टणक असला की गाडी जास्त वेळ घरंगळते, हे बाबांना माझ्याइतकंच ठाऊक. हवा जास्त भरू नका म्हणून गिऱ्हाइकांवर खेकसणारा माणूस.

ते येऊन माझ्याजवळ उकिडवे बसले.

"राहू दे ना, पोरी," ते हळूच म्हणाले. "त्याचं काम आहे. जरा जास्त दिसलं तर कुणाचं काय जातंय?"

मीटर परत पिशवीत टाकावं असं वाटून गेलं. तेवढ्यात वहिनी गाडीला वळसा घालून आली. तिने सगळं ऐकलं होतं. वाकून तिने टायरच्या तोंडाचं बूच काढलं आणि बाबांच्या हातात दिलं.

"सोडा हवा, बाबा. असलं चाललं नसतं त्याला."

बाबांनी एकेका चाकाशी बसून हवा सोडली. मी मीटर लावून बघत होते. चौथं चाक तीसवर आलं तरी ते उठले नाहीत.

"एकदा लावून तर बघू, एवढंच म्हणायचं होतं मी त्या दिवशी," ते चाकाकडे बघत म्हणाले. "तेवढ्यानं खूश झाला असता."

वहिनीने त्यांना हात देऊन उठवलं. टायर निवेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो; निवल्यावर जरा उतरलेली हवा बाबांनी पंपाने पुन्हा तीसवर आणली. मग बाबा पुन्हा गाडीत बसले.

जाताना पाच फेऱ्या, येताना पाच. सरासरी २०.९ सेकंद.