उत्तरदाता क्रमांक सात

माझी धाकटी बहीण पर्यावरण धोरणात एम.ए. करतेय. नाव ऐकून दडपायला होतं, पण काम म्हणाल तर आमच्या अंगणातल्या हातपंपाचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं. वर्षभर हेच. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरून आमच्या पिण्यात येतं का, यावर तिचा प्रबंध.

"ताई, घाबरू नकोस गं," ती म्हणाली होती. "तुमचं नाव कुठेच येणार नाही. तुम्ही फक्त उत्तरदाता क्रमांक सात."

नाव नाही दिलं, शहाणीने! पण विद्यापीठात तिच्या विभागात सगळ्यांसमोर प्रबंध मांडताना नकाशा लावला. प्रत्येक नमुन्याच्या जागी लाल ठिपका. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून कारखान्याचा मॅनेजर बसलेला. आणि आमच्या गल्लीत हातपंप एकच.

दुसऱ्याच दिवशी भरदुपारी कारखान्याचा मुकादम दोन माणसं घेऊन फाटक लाथाडत आत आला. नवरा शिलाई मशीनवर बसला होता. विचारणं नाही, बोलणं नाही, कॉलर धरून त्याला फरफटत अंगणात आणलं. मुकादमाने हातपंपाचा दांडा उपसला. दोघांनी नवऱ्याचा उजवा हात पंपाच्या ओट्यावर दाबून धरला आणि मुकादमाने मनगटावर दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. अहो, कपडे शिवणाऱ्याचा उजवा हात तो!

मी बाहेर धावले तोवर, त्या दिवशी आमच्याकडेच आलेली बहीण मुकादमाच्या पाया पडत होती. "सोडा हो भाऊजींना! ठिपका काढते. सातवा नमुनाच काढून टाकते."

"आणि तुझी पदवी?" मी ओरडले. बाकीच्या ठिपक्यांवरचं पाणी एकेकदाच घेतलेलं, वर्षभराचे नमुने फक्त इथलेच होते. हा पंप काढला तर प्रबंधात उरणार काय?

"खड्ड्यात गेली पदवी!"

मुकादम हसला. दांडा टाकून त्याने दोघांना गाडीतून सिमेंटची गोणी आणायला पिटाळलं. "तू ठिपका काढ, पोरी. पंप आम्ही बुजवतो."

माझं डोकंच फिरलं. दांडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तरी त्याने माझे केस धरून माझं तोंड ओट्यावर आपटलं. पुढचा दात पडला. मी दांडा सोडला नाही. खांद्यावर घातला, पाठीत घातला, मेल्याची बोबडी वळेपर्यंत घातला. आरडाओरडा ऐकून गल्ली फाटकाशी जमली, तेव्हा त्या दोघांनी गोणी तिथेच टाकली आणि त्याला उचलून नेलं.

बहीण माझ्या नवऱ्याचा हात टॉवेलात बांधत होती. "ताई, ते परत येतील. मी काढतेच तो ठिपका."

मी नवऱ्याकडे बघितलं. हात त्याचा होता, ठरवायचं त्यानेच.

तो घामाने निथळत होता. "ठिपका राहू दे," तो दात आवळून म्हणाला. "ते क्रमांक सात खोड. तिथे माझं नाव लिही."

मी रक्त थुंकले. "आणि त्याखाली माझं," म्हणाले.