जुनिपरची सरळ पट्टी

झाडाजवळ पोचताच वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षांपूर्वी या जुनिपरच्या उभ्या खोडावर त्यानं वर एक आणि खाली एक खाच मारली होती. धनुष्यासाठी मधली लाकडाची पट्टी झाडावरच वाळू द्यायची, मग पाचर ठोकून सोलून घ्यायची आणि झाड जगतं ठेवायचं, ही अमेरिकेतल्या त्याच्या पाययूट आदिवासींची रीत. खाच मारलेल्या झाडाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हीसुद्धा रीतच. पण पट्टी गायब होती.

"कोण मेला चोर!" वेंडेल ओरडला. त्याची लेक लिओना थंडीच्या आधी पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला निघणार होती. तिच्या हातात घरचं धनुष्य असावं, एवढीच त्याची हौस. आता नवी खाच मारली तर लाकूड वाळेपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची.

सोबत आलेले ऑर्व्हल, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाइनच्या बिया फोडत गप्प उभे होते. धनुष्याचा विषय आणि हा माणूस गप्प? वेंडेलला संशय आला.

"काय झालं दाजी?"

"हे झाड तुझं?"

"मग काय तुमचं?"

"मला माझंच वाटलं रे. गेल्या महिन्यात सोलून नेली मी."

दाजींचं झाड उताराखाली सापडलं. खाचा शाबूत, पण मधलं लाकूड दोरखंडासारखं पिळलेलं. वेंडेल राग विसरून खो खो हसला.

"दाजी, याच्या धनुष्यातून बाण हरणावर सोडाल आणि जाईल ताईच्या स्वयंपाकघरात!"

"हस, हस. इतकी सरळ पट्टी दिसल्यावर ती माझी नाही असं वाटेल कसं? तुला एवढी नजर असेल, हे स्वप्नातही आलं नाही माझ्या."

ताईच्या लग्नापासून आजवर दाजींनी केलेली ही पहिली स्तुती. वेंडेल मनातून सुखावला, पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"ते ठीक. माझ्या पोरीला काय सांगू?"

ऑर्व्हलनी हातातली बियांची टरफलं झटकली. "धनुष्य अर्धं तासून झालंय. तिच्याच मापाचं."

"तिच्या?"

"तुला जमेल असा भरवसा नव्हता ना. म्हटलं, पोरगी रिकाम्या हातानं जायला नको."

वेंडेलला एकदम भरून आलं. ते लपवायला तो मोठ्यानं म्हणाला, "उरलेलं मी तासणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं बाबा. मी नुसता बघत बसतो."

वेंडेल दोन पावलं चालला आणि थांबला.

"नुसतं बघणं तुमच्यानं व्हायचं नाही. तुमचीही सुरी घेऊन बसा शेजारी."