टेबलाखालचे तीन बोल्ट

"आजी, हे आटे आता मेले," म्हणत बोल्टवाल्यानं आमचा नमुन्याचा बोल्ट काउंटरवर ठेवला.

"माणसं मेली तरी मागे काहीतरी ठेवून जातात. डबे उघडून बघ की!"

त्यानं सहा डबे पालथे घातले. सगळे मिलिमीटरचे. आमची गाडी इंचाच्या जमान्यातली. माझा थोरला मुलगा एकेक बोल्ट आमच्या जुन्या नटात फिरवून बघत होता. दीड आट्यात अडकायचा.

"लेथवर करून घेतले तर?" त्यानं विचारलं.

"दिसतील तसेच. पण इंजिनाचं हेड आवळताना मान मोडून घेतील. त्याला तेच पोलाद लागतं."

हे चौथं दुकान. "आई, तू कशाला उन्हात?" असं थोरला रोज म्हणायचा. "तुला दुकानदार गुंडाळतात, मला नाही," असं मी सांगायचे. खरं कारण सांगायची सोय नव्हती. दुकानात तीन बोल्ट मिळाले असते तर माझी सुटका होती.

"मग साधे तीन दे. एवढ्याच जाडीचे, नट-वायसरसकट," मी म्हटलं.

"हे कशाला, आई?"

"असू देत."

आमचे हे गाड्यांचे मिस्त्री. जगाच्या गाड्या दुरुस्त करून उरलेल्या वेळात स्वतःची एक जुनी गाडी उभी करत होते. पद्धत अशी, की पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढायचं, आणि बोल्ट जिथून काढला त्याच जागी भोक पाडून खोचायचा. ज्याची जागा त्याला. बावीस वर्षांपूर्वी त्या पुठ्ठ्यावर दहा बोल्ट होते. हे कामासाठी परगावी. माझ्याकडे एका लग्नाचे कपडे शिवायला आलेले, आणि शिलाई मशीनचं टेबल असं डगडगायला लागलं, की दोनदा सुई मोडली. मी पुठ्ठ्यावरचे तीन उपटले, ह्यांच्याच डब्यातले नट घेतले आणि टेबलाचे पाय आवळून टाकले.

हे परतले. चार दिवस शेड धुंडाळली. पाचव्या दिवशी विचारलं, "तू बघितलेस का गं?"

"तुमच्या लोखंडाला कोण हात लावतंय?"

एकदा म्हटलं ते म्हटलं. गाडी तिथेच राहिली. टेबल मात्र चाललं. त्याच्यावर दोन पोरी आणि हा थोरला शिकला.

आता ह्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातानं शेडकडे बोट दाखवत असतात. डॉक्टरांनी 'बघू' म्हणायचंही सोडून दिलंय. थोरल्यानं ठरवलं, बाबांना एकदा इंजिनाचा आवाज ऐकवायचाच.

दुकानातून आले ती पाना घेऊन टेबलाखाली शिरले. ह्या वयात शिरणं सोपं, निघणं अवघड. बोल्ट गंजून बसले असतील, ही तयारी होती. पण पहिलाच लोण्यासारखा सुटला. बोटाला ग्रीस लागलं. बावीस वर्षांचं ग्रीस असं मऊ राहत नाही. नटाखाली वायसर होता, ती गोल चकती. तिन्ही नटांखाली होता. मी लावला नव्हता; वायसर कशाशी खातात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणजे माझ्यामागे हेच इथं शिरून ग्रीस भरत होते. टेबलाला बाजारातला कुठलाही बोल्ट चालला असता. एवढे मिस्त्री, अर्ध्या तासात बदलून आपले घेऊन गेले असते. पण मग मला कळलं असतं, की ह्यांना कळलंय.

"आई! खाली काय करतेस?" दारातून थोरला.

"तुझे बोल्ट शोधतेय. बघतोस काय, हात दे."

त्यानं बोल्टांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नुसता हात दिला. बापावर गेलाय.

दुकानातले साधे तीन टेबलाला आवळून, जुने तिन्ही चिंधीनं पुसून मी ह्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. ह्यांनी अंगठ्यानं एकेकाचे आटे चाचपले.

"तुमच्या लोखंडाला मीच हात लावला होता," मी म्हटलं.

ह्यांनी मशीनच्या खोलीकडे बोट केलं. मग अंगठा आणि बोट जुळवून एक गोल करून दाखवला.

"हो, हो. वायसर लावलेत. मला काय अक्कल नाही?"

तिसऱ्या दिवशी इंजिन लागलं. खोकत, धूर ओकत, पण लागलं. शेडच्या दारात खुर्चीवर हे, डोळे मिटून. मी खिडकीशी मशीनवर होते. बाहीची शिवण निम्मी झाली होती. मी मशीनच्या पायडलवरून पाय उचलून घेतला, म्हणजे ह्यांना इंजिन तेवढंच ऐकू यावं.