वाकड्या मानेचा जिराफ

मित्रांनो, मी जुन्या भेटकार्डावरचा कागदी जिराफ आहे. माझी मान डावीकडे कललेली आहे आणि कानावर चहाचा डाग आहे. तरी माझा तोरा काही कमी नाही, कारण मला दोघांनी मिळून घडवले.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरातली धाकटी नात, जिला सगळे चिमणी म्हणत, तिने कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या, एक पिवळी आणि एक तपकिरी. त्यांची टोके काटकोनात चिकटवली. मग पिवळीवर तपकिरी, तपकिरीवर पिवळी, अशा घड्या घालत गेली. ती झाली माझी मान: दाबली की आत, सोडली की टुणकन बाहेर! शेवटच्या घडीला गोंद लावायचा आणि वाळेपर्यंत ती कपड्यांच्या चिमट्यात धरायची, हा तिचा शिरस्ता. त्या दिवशी घाईत तिने चिमटा लावला आणि गोंदच विसरली.

घाई होती ती आजोबांना कार्ड द्यायची. आजोबा शिंपी. त्यांचे मनगट मोडले होते. प्लास्टर निघाले, तरी बोटे ताठच राहिली. डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू मांजराने केव्हाच आपलासा केला होता. "आता ही बोटं कात्री काय धरणार?" असे म्हणून ते उजवा हात मांडीवर टाकून दिवसभर बसून राहत. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

चिमणीने चिमटा काढून कार्ड आजोबांपुढे धरले. त्यांनी डाव्या हाताने ते उघडले मात्र, माझी मान सुटली आणि डोके थेट बशीतल्या चहात पडले. चिमणीचे डोळे भरून आले.

"अगं, रडायला काय झालं? तहान लागली असेल त्याला," आजोबा म्हणाले. "सांग, घडी कशी घालायची?"

"पिवळीवर तपकिरी. पण आजोबा, एका हाताने नाही जमत हे."

आजोबांनी नाक मुरडले. मग उजवा हात हळूच वर आला. पहिली घडी निसटली, दुसरीही निसटली. "नाठाळ आहेत गं बोटं," ते पुटपुटले, पण थांबले नाहीत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दिवेलागणीपर्यंत मान उभी राहिली, वाकडी का होईना. गोंद चिमणीने या वेळी आठवणीने लावला.

मग रोज दोघांचा तोच उद्योग. घरात सुरवंट, हत्ती, बेडूक यांची नुसती गर्दी झाली. शेजारी कार्डे हौसेने मागून नेऊ लागले. आणि एका सकाळी आजोबांनी कात्री उचलली आणि चिमणीच्या फ्रॉकचे कापड सरळ रेषेत कापले. आजी दारातून बघत होती. "चेंडू राहू दे आता मांजरालाच," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

पुढे नव्याची नवलाई संपली आणि मी बटणांच्या खणात गेलो. रंग विटला, एक पाय दुमडला. वाईट वाटते कधीकधी, खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. तुमच्या घरात कुणी असे हिरमुसून बसले असेल, तर त्याच्यापुढे सगळे आयते नेऊन ठेवू नका. दोन पट्ट्या त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसा. घडी निसटली, तर ती त्यालाच पुन्हा घालू द्या.